पेठेचा नळ तीन तास चालला होता

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात, पान त्रेसष्टवर, माझा फोटो आला आहे. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि खाली ओळ: 'दुष्काळातला पाण्याचा राखणदार'. लेख लिहिणारे आमच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सज्जन, भाषा गोड. फक्त ऐकलेलं तपासून बघायची सवय नाही. त्यांनी लिहिलं आहे की बहात्तरच्या दुष्काळात मी गावाला सारखं पाणी वाटलं, स्वतःच्या घराला एक हंडा जास्त दिला नाही. पुढे म्हणतात, 'एका बेजबाबदार कर्मचाऱ्याने आपल्या वस्तीसाठी अख्खी टाकी रिकामी केली. त्याला कामावरून काढावे लागले. अशा प्रसंगीही रघुनाथरावांनी शिस्त ढळू दिली नाही.'

हे साफ खोटं आहे. टाकी मी रिकामी केली. माझ्या बहिणीच्या लग्नासाठी केली. ज्याला काढलं त्याच्या वस्तीला त्या दिवशी तांब्याभर पाणी मिळालं नाही. हे मला ठाऊक होतं आणि आमच्या पेठेतल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं.

संपादकांना मी म्हणालो, मला हे याच अंकात लिहायचं आहे. ते म्हणाले, "रघुनाथराव, आता कशाला? तुम्ही आठवणी लिहा की. गमतीजमती लिहा. लोकांना तेच आवडतं." लोकांना काय आवडतं ते मी जन्मभर बघत आलो आहे. पण गमतीही सांगतो. त्याशिवाय माझं काम काय होतं ते कळायचं नाही, आणि काम कळल्याशिवाय मी काय केलं तेही कळायचं नाही.

आमचं गाव नगर जिल्ह्याच्या पूर्वेच्या कोरड्या भागातलं. नगरपालिका होती, टेकडीवर पाण्याची टाकी होती, नदीपात्रातल्या विहिरीवरून पंपाने टाकीत पाणी चढायचं. मी नगरपालिकेत व्हॉल्वमन. लोक आम्हाला 'नळ सोडणारे' म्हणत. टाकीपासून खाली मोठा पाइप येतो आणि त्याला फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर रस्त्यात एक खड्डा, त्याला चेंबर म्हणतात, त्यावर लोखंडी झाकण, आत व्हॉल्व. पाच फुटांची लोखंडी चावी खाली घालायची आणि आडव्या दांड्याला धरून गोल फिरायचं. पेठेचा व्हॉल्व चौदा आट्यांचा, म्हणजे चौदा फेऱ्यांचा, बाजारतळाचा अकरा. आम्ही आटे मोजून पाणी सोडत असू. चावीच्या दांड्याला कान लावला की खाली पाणी कसं चाललंय ते ऐकू येतं. भरून चाललं तर घुमतं, कमी असलं तर किणकिणतं, कुणी मध्ये चोरून ओढत असलं तर सूर एकदम पडतो. हे कुणी शिकवत नाही. चार-सहा महिने कान लावला की येतं. मला या कानाचा अभिमान होता, अजून आहे.

आमच्या पाइपाला तीन फाटे होते. पहिला मधल्या पेठेचा. ही आमची पेठ. नगराध्यक्षांचा वाडा, वकील, डॉक्टर, आडते आणि आमच्यासारखी चार साधी घरं तिथेच. दुसरा फाटा बाजारतळाचा. तिसरा, शेवटचा, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीचा. त्या वस्तीला पेठेतले लोक तेव्हाही जुन्याच नावाने ओळखत, आणि मीही तोच शब्द वापरत असे. तो इथे लिहिणार नाही. वस्तीत एकाच्याही घरात नळ नव्हता. चौथऱ्यावर दोन तोट्यांचा एक सार्वजनिक नळ, त्यावर साठेक घरं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की टाकीत पाणी आहे म्हणजे सगळ्यांना मिळेल. तसं नसतं. पाणी आधी जवळच्याच्या घरात शिरतं. पेठेचा व्हॉल्व पूर्ण उघडा असेल तर बाजारतळाला करंगळीएवढी धार येते आणि वस्तीला नुसती हवा. शेवटचा नळ आधी फुसफुसतो, मग खोकतो, मग लालसर पाणी थुंकतो आणि नंतर कुठे धार धरतो. आधीचे दोन्ही फाटे बंद केल्याशिवाय तिथवर पाणी पोचत नाही. म्हणून आमच्या कामात सोडण्यापेक्षा बंद करण्याला महत्त्व. उघडायला कुणीही उघडेल. वेळेवर बंद करतो तो व्हॉल्वमन.

बंद करताना लोकांचे चेहरे बघावेत. एक निवृत्त फौजदार होते. ते घड्याळ घेऊन चेंबरपाशी उभे राहत आणि मिनिट कमी भरलं तर अर्ज करत. मिनिट जास्त गेलं तर मात्र त्यांचं घड्याळ मागे असायचं. एका आडत्याने नळाखाली कमरेएवढा खड्डा खणून नळ खाली उतरवून घेतला होता, म्हणजे शेजाऱ्याचं पाणी आपोआप त्याच्याकडे. पुढे आडोशाला धान्याची पोती रचली होती. मी कानाने पकडला. त्याच्या ओट्यावर उभा राहून म्हणालो, "शेठ, पोती हलवा." तो म्हणाला, "रघुनाथ, पोत्यात काय पाणी भरतो का मी?" पोती हलवली तेव्हा खाली त्यांची सूनबाई खड्ड्यात उभी राहून हंडा भरत होती. तिने तिथूनच मला नमस्कार केला. या गोष्टीवर गाव महिनाभर हसलं. शेठला दंड झाला नाही, नळही वर आला नाही.

बहात्तरचा पाऊस गेला आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नदीतल्या विहिरीनेही मान टाकली. रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरी थापताना बायका नाकं मुरडायच्या. रस्त्याच्या कामांवर खडी फोडायला आसपासची सगळी खेडी लोटली होती. आमच्या घरी मोठ्या परातीत बसून आंघोळ, ते पाणी कपड्यांना, कपड्यांचं दारातल्या लिंबाला. टाकी भरायला दोन दिवस लागत. म्हणून ठराव झाला: एक दिवस पेठेचा, एक दिवस बाजारतळ आणि वस्ती मिळून. पेठेला एकटीला पूर्ण दिवस कसा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ठराव करणारे सगळे पेठेत राहत होते.

आम्ही व्हॉल्वमन दोघंच होतो. दुसरा लहानू. तो त्या शेवटच्या वस्तीतला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. तो मला 'रघुनाथराव' म्हणायचा, मी त्याला 'लहानू' म्हणायचो. हे त्याला कसं लागत असेल, असा विचार मी कधी केला नाही. काम त्यानेच मला शिकवलं. कान लावायला त्याच्यामुळेच आलं.

त्या वैशाखात माझी धाकटी बहीण शकू हिचं लग्न ठरलं. सोयरे पुणतांब्याजवळच्या एका वाडीचे, गोदाकाठचे, उसातले. त्यांना दुष्काळ म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. बोलणी करायला आले तेव्हा नवऱ्या मुलाच्या चुलत्याने आमच्या दारात चूळ भरायला अख्खा तांब्या ओतला, आणि आईने डोळे मिटून घेतले. तेव्हापासून तिला एकच घोर. जेवण कमी पडलं तर सांभाळता येईल, पण वऱ्हाडाला आंघोळीला पाणी नाही म्हटलं तर शकूला जन्मभर ऐकावं लागेल. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका नातेवाइकाच्या मळ्यातून बैलगाडीच्या दोन टाक्या पाणी ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी निरोप आला की मळ्यातल्या विहिरीत आता गाळ आहे.

मी चार दिवस रजेवर होतो. माझी पाळी लहानू बघत होता. दोन्ही पाळ्या एकट्याने. त्याबद्दल त्याने काही मागितलं नाही, मीही काही दिलं नाही. लग्नाचा दिवस बाजारतळाचा आणि वस्तीचा होता. सकाळी सहाला मी त्याला बाजारतळाच्या चेंबरपाशी गाठलं. तेव्हा चावी एकच चालू होती. दुसरीचं तोंड झिजून गोल झालं होतं, ती लोहाराकडे पडली होती. मी म्हणालो, अर्धा तास चावी दे, पेठेचा नळ सोडतो.

"आज पेठंचा दिस न्हाई," तो म्हणाला.

मी म्हणालो, शकूचं लग्न आहे, वऱ्हाड दारात येऊन बसलंय.

त्याने चावी माझ्यापुढे धरली. मग म्हणाला, "मी फिरवनार न्हाई. तुमी फिरवा. आन अर्ध्या तासात चावी हितं आनून द्या. माझ्या मागं बाया बसल्यात."

मी चौदा आटे उघडले. अर्ध्या तासाला सात आटे पुरले असते. माझ्या हाताने चौदा फिरवले, कारण घरी आई वाट बघत होती आणि मला पाणी जोरात यायला हवं होतं. पाळीचा दिवस नसताना नळ आल्यावर पेठेत जी पळापळ झाली ती मी चालताना ऐकली. दारं उघडली, हंडे वाजले. कुणी विचारलं नाही की आज कसा काय. एका माडीवरून आवाज आला, "अगं, उठ, रघूने नळ सोडला."

पेठेला ठाऊक होतं असं मी म्हणतो ते यासाठी. माझं नाव घेऊन त्यांनी पाणी भरलं.

चावी घरी आणून मी तांदळाच्या पोत्यामागे उभी केली आणि वऱ्हाडात गुंतलो. पिंपं भरली, रांजण भरला, कढया भरल्या. वऱ्हाडी आंघोळीला बसले. नवऱ्याच्या चुलत्याने तीन बादल्या घेतल्या आणि म्हणाला, "तुमच्याकडं दुष्काळ दुष्काळ म्हनत्यात, पानी तर झकास हाय की." आईचा चेहरा उजळला. त्या चेहऱ्यासाठी मी हे केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. वऱ्हाड घेऊन आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने आमच्याच नळाला बादली लावून गाडी धुतली, आणि मी त्याला थांबवलं नाही. अध्यक्षांच्या अंगणात सडा पडला. वकिलांच्या बायकोने गुलाबांना पाणी घातलं. हे मी नंतर ऐकलेलं नाही. मांडवाला लावायची पानं आणायला गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

सातच्या सुमाराला लहानू मांडवाच्या तोंडाशी आला. हळद चालली होती. माझे मामा पुढे झाले आणि त्याला म्हणाले, "हळद चाललीया, आत कुठं येतो? बस तिकडं." तिकडं म्हणजे चपला काढल्या होत्या तिथे. तो बसला नाही, उभा राहिला. माझी नजर गेली. त्याने हाताने चावी फिरवल्याची खूण केली. मी त्याला तळहात दाखवला, थांब म्हणून.

तो तळहात मला अजून दिसतो. मी बोलू शकलो असतो. मामांना सांगू शकलो असतो की चावी पोत्यामागे आहे, देऊन टाका. तेवढं वाक्य बोलायला हळद थांबली नसती. पण पाहुण्यांसमोर नगरपालिकेचा माणूस मला बोलवायला आलाय, तो कुठून आलाय, याची मला लाज वाटली. आणि टाकी मोठी आहे, अजून थोडं चालेल, असं मनाने ठरवलं. व्हॉल्वमनने टाकी मोठी आहे असं मनात आणणं म्हणजे काय, हे या कामातल्या माणसालाच कळेल.

तो तासभर उभा होता. कुणी तरी त्याला द्रोणात चिवडा दिला, तो त्याने खाली ठेवला. मग गेला. मी चावी घेऊन पेठेच्या चेंबरवर गेलो तेव्हा नऊ वाजले होते. कान लावला. खाली काही वाजत नव्हतं. पाणी संपल्यावर पाइप जसा मुका होतो तसा मुका झाला होता. तरी मी चौदा आटे फिरवून व्हॉल्व बंद केला, चावी बाजारतळाच्या चेंबरवर आडवी ठेवून दिली आणि साडेदहाच्या मुहूर्ताला परत येऊन अक्षता टाकल्या.

त्या दिवशी वस्तीतल्या बायका सकाळपासून हंडे लावून बसल्या होत्या. दुपारी त्या दोन मैलांवरच्या एका आटत आलेल्या विहिरीवर गेल्या, दोर धरून आत उतरल्या आणि वाटीने पाणी खरवडून आणलं. बाजारतळावर ओरड झाली, पण बाजारतळाची ओरड नगरपालिकेत पोचत नसे. वस्तीने ओरड केलीच नाही. नळ न येणं त्यांच्या सवयीचं होतं.

खरी ओरड दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती पेठेने केली. दुसरा दिवस पेठेच्या पाळीचा. टाकीत पाणी नव्हतं, नळ आला नाही. आदल्या दिवशी तीन तास भरून घेतलेल्या, रांजण, पातेली, घंगाळं काठोकाठ असलेल्या घरांनी अर्ज लिहिला की टाकी कुणी रिकामी केली याची चौकशी व्हावी. अर्जावर फौजदारांची सही पहिली. खड्ड्यात नळ उतरवलेल्या शेठची तिसरी. शेवटी एक ओळ होती, की काल ज्याची पाळी होती त्याने आपल्या वस्तीकडे पाणी वळवल्याची दाट शंका आहे. ज्या वस्तीत थेंब गेला नाही तिने टाकी प्यायली, असं लिहायला त्यांचा हात अडखळला नाही. मी तो अर्ज वाचला. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. राग आता येतो, आणि आता तो कुणावर काढू? सही करणाऱ्यांपैकी बहुतेक गेले.

चौकशी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत झाली. ते गावात नवे होते. समोर अध्यक्ष बसले होते. लग्नात ते पहिल्या पंगतीला होते. मुख्याधिकाऱ्यांनी लहानूला विचारलं, पाळी तुझी होती का. तो हो म्हणाला.

"मग व्हॉल्व उघडा कसा राहिला?"

"चावी माझ्याकडं नव्हती, साहेब."

"मग कोणाकडे होती?"

लहानूने माझ्याकडे बघितलं. चेंबरचं झाकण जड असे, ते आम्ही दोघं मिळून उचलायचो. एकाने आपल्या कडेला हात घातला की तो दुसऱ्याने घालेपर्यंत थांबायचा. तसा तो थांबला होता. विनवणी नव्हती, धमकी नव्हती. नुसती वाट बघत होता.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, पाळी कोणाची होती एवढंच बघा. लग्नकार्य काय, सगळ्यांच्याच घरी असतं."

लग्नाचा विषय तिथे कुणी काढलेलाच नव्हता. तो त्यांनीच काढला. साहेबांना त्याचा अर्थ कळला नाही, किंवा कळला आणि त्यांनी सोडून दिला. ते माझ्याकडे वळले. तुम्हाला काही सांगायचं आहे का, म्हणाले.

मी म्हणालो, "पाळी लहानूची होती, साहेब. मी रजेवर होतो."

यातला शब्दनशब्द खरा आहे. इतका खरा, की मी पुढे कुठल्याही देवळात जाऊन उभा राहू शकलो. खोटं बोललो असतो तर कदाचित कधी तरी कबूल केलं असतं. या खऱ्या वाक्याने मला पन्नास वर्षं सांभाळलं, आणि त्याच्याइतकं हलकट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

लहानूला त्याच आठवड्यात काढलं. कचेरीच्या पायऱ्यांवर तो मला भेटला. मी बाजूने निघालो होतो. त्याने हाक मारली.

"रघुनाथराव, तुमी बोलाल म्हून मी नाव घेतलं न्हाई," तो म्हणाला. "घ्याला पायजे हुतं."

दोन दिवसांनी भर दुपारी त्याची बायको सोनाबाई आमच्या दारात आली. आई ओसरीवर पापड वाळत घालत होती. सोनाबाई पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "नवरीच्या आई, बुंदी लई गोड झाली म्हनत्यात. पाकाला पानी पुरलं का?"

आईने हातातला पापड खाली ठेवला. ती आत गेली, चार लाडू कागदावर घेऊन आली आणि नेहमीच्या सवयीने ते हातात न देता ओट्याच्या कडेवर ठेवले.

सोनाबाई लाडवांकडे बघत म्हणाली, "वर ठिवता व्हय? मंग ऱ्हाऊ द्या तितंच. आमी चोर मानसं. उचलून न्हेलं म्हनाल." मग आत, जिथे मी दाराआड उभा होतो तिकडे बघून म्हणाली, "मालक कुठं हायती नळाचं? त्यांना सांगा, आमच्या तोटीला हवा येतीया. लई गार हाय." आणि निघून गेली.

आईने मला विचारलं, तू कचेरीत काही बोलला नाहीस ना. मी नाही म्हणालो. "मग बरं," ती म्हणाली, आणि लाडू उचलून आत नेले. माझी आई वाईट बाई नव्हती. मला ते लिहावंसं वाटतं, म्हणून लिहिलं. त्याने काही बदलत नाही.

लहानू काही दिवस खडी फोडायला गेला आणि नंतर बायकापोरांसह साखर कारखान्याच्या भागात निघून गेला. मी त्या नगरपालिकेत निवृत्त होईपर्यंत राहिलो, पाणीपुरवठ्याचा मुकादम झालो. शेवटच्या वस्तीला पाणी पोचेपर्यंत मी पुढे कधी घरी गेलो नाही, हे खरं आहे. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं ते याचंच असेल. पण हे मी कशामुळे करत होतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो तिथे नव्हता.

गेल्या वर्षी अंक निघाल्यावर संपादकांचा फोन आला, एका बाईंनी लेख वाचून तुमचा नंबर मागितलाय, द्यायचा का. त्यांना वाटलं अभिनंदन असेल. बाई म्हणजे लहानूची मुलगी, विमल. नगरला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. फोनवर ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या फोटोखाली माझ्या वडिलांना चोर म्हटलंय." मी नगरला तिच्या घरी गेलो. लहानू आणि सोनाबाई दोघंही केव्हाच गेले. तिने चहा दिला, मी सगळं सांगितलं, आणि सांगताना मला रडू आलं. तिने माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "काका, हे मला कशाला सांगता? आमच्या घरात हे पहिल्यापासून माहीत आहे. तुमच्या घरात माहीत आहे का?"

माझ्या घरात माहीत नव्हतं. मुलाला, सुनेला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, बाबा, त्या काळी असंच चालायचं. मला त्यांचाही राग आला. त्या काळी असं चालायचं नाही, आम्ही चालवत होतो. मग शकूला सांगितलं. ती आता सत्तरीची आहे, पुणतांब्याकडे नातवंडांत सुखी आहे. ती म्हणाली, "मला माहीत होतं, दादा. मामांनी त्या माणसाला चपलांकडे पाठवलेलं मी हळदीच्या पाटावरून बघितलं. तू हात केलेलाही बघितला." पण मी हे छापायला देतोय म्हटल्यावर ती चिडली. माझ्या लग्नाच्या आंघोळीची गोष्ट माझ्या नातवंडांनी वाचायची का, म्हणाली. मी म्हटलं, यात तुझा काही दोष नाही. "दोष नाही तर माझं लग्न कशाला घालतोस त्यात?" तिचं लग्न काढून टाकलं तर उरतं ते पुन्हा तेच, की पाळी लहानूची होती. या वर्षी राखीला ती आली नाही.

लेख पाठवण्याआधी मी नगरला जाऊन विमलला वाचून दाखवला. आधी त्यात एक परिच्छेद होता, की लहानू फार शांत आणि मोठ्या मनाचा माणूस होता, त्याने कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. तिने तिथे मला थांबवलं.

"हे काढा," ती म्हणाली. "ते मोठ्या मनाचे वगैरे नव्हते. कारखान्याच्या चाळीत आमच्या दारासमोर नळ होता. रोज सकाळी नळ आला की ते तुमचं नाव घेऊन एक शिवी द्यायचे आणि मग हंडा लावायचे. एक दिवस चुकला नाही. मी लहान होते, मला वाटायचं पाणी आलं की असंच म्हणतात. शाळेत नळ आला तेव्हा मीही म्हणाले आणि बाईंनी मला उभं केलं."

मी विचारलं, शिवी कोणती. तिने सांगितली. ती इथे छापणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. बाकी तिने सांगितलं तसं लिहिलं आहे.